एकशेआठ टाके

पिशवी माझ्या पायाशी येऊन पडली. गोणपाटाची होती. तोंड उघडं होतं, त्यातून एक चेंडू घरंगळत आला आणि माझ्या बुटाला लागून थांबला. शिवण उसवलेला. आत अजून सात होते, सगळे तसेच.

दामले समोर उभा होता. दोन्ही हात पँटच्या खिशात.

"घे," तो मराठीत म्हणाला. "घरचंच काम आहे तुझं."

मग मान वळवून तो बाकीच्यांना जर्मनमध्ये म्हणाला, "यांच्या जातीत हेच करतात. जन्मतःच येतं त्यांना. शिकवावं लागत नाही."

सगळे हसले. वाईट हसले नाहीत, कौतुकाने हसले. आमचा कप्तान युर्गेन माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "जन्मतः! आल्झो, म्हणजे आपल्याला खजिनाच सापडला की."

मी पिशवी उचलली.

हेच सांगायचं आहे मला. दामले काय बोलला ते सोडा. असं बोलणारे गल्लोगल्ली भेटतात, गावात भेटतात, समुद्र ओलांडला तरी भेटतात. सांगायचं हे, की मी वाकलो आणि पिशवी उचलली. वर हसलोही. "या, या," म्हणालो जर्मनमध्ये. हो, हो. आज साठी उलटली तरी ते हसणं आठवलं की तोंड कडू होतं.

न्युरेम्बर्गच्या बाहेर एक अवाढव्य मैदान आहे. युद्धाआधी तिथे माणसं रांगा करून उभी राहायची आणि एका माणसाला हात वर करून सलाम करायची. युद्धानंतर अमेरिकन सैन्याने ते मैदान घेतलं आणि त्यावर चुन्याच्या रेषा मारून बेसबॉल सुरू केला. बघून बघून जर्मन पोरंही खेळायला लागली. त्यांनी फेराइन काढले, म्हणजे क्लब. आमचा क्लब त्यातलाच एक, अगदी गरीब. बॅटी तीन. चेंडू अमेरिकन सैनिकांनी टाकून दिलेले. कॅचरचा, म्हणजे बॅटवाल्यामागे बसून चेंडू झेलणाऱ्याचा, हातमोजा एकच.

मी तिथे कसा? पन्नासचं दशक संपत आलं होतं. आपल्याकडे पोलादाचे मोठे कारखाने उभे राहत होते आणि त्यांच्यासाठी पोरं जर्मनीला शिकायला जात होती. मी सांगलीला इंजिनिअर झालो, तिथून थेट न्युरेम्बर्गच्या एका यंत्रांच्या कारखान्यात प्राक्टिकांट म्हणून आलो. प्राक्टिकांट म्हणजे शिकाऊ. दामले पुण्याचा. बोटीवर भेटला. त्याने विचारलं, "वडील काय करतात?" मी म्हटलं, "खेळाच्या सामानाचा धंदा आहे, कोल्हापूरला."

खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

माझं आडनाव असं आहे की ते मराठ्यांत असतं, माळ्यांत असतं, आमच्यातही असतं. दामल्याने आपल्या सोयीचं धरलं. मी दुरुस्त केलं नाही. बोटीवर सतरा दिवस आम्ही एका टेबलावर जेवलो. तो मला "पाटील" म्हणायचा, गमतीने. मी ओ द्यायचो.

माझा बाप चांभार. आबा म्हणायचो आम्ही. शहरातल्या जिमखान्याची पॅड, ग्लोव्हज, फुटलेले चेंडू सगळं आबांकडे यायचं. दोन्ही गुडघ्यांत चेंडू धरून, दोन बाजूंनी दोन सुया घालून ते टाका ओढायचे. मेण लावलेला दोरा दातात. टाका ओढला की एक बारीक आवाज यायचा. त्या आवाजावरून ते सांगायचे, घट्ट बसला का नाही. तीस वर्षं त्यांनी जिमखान्याचे चेंडू शिवले आणि एकदाही मैदानाच्या आत पाऊल ठेवलं नाही. सामान न्यायला जिमखान्याचा माणूस यायचा तो उंबऱ्याबाहेर उभा राहायचा. आई पाण्याचा तांब्या आणायची. तो म्हणायचा, "नको, आत्ताच प्यालोय." तीस वर्षं तो आत्ताच प्यालेला होता.

आबांकडून मी शिवण शिकलो, पण जीव माझा फेकण्यात. वस्तीत चिंध्यांच्या चेंडूने खेळलो, कॉलेजात खऱ्या. जलद टाकायचो. न्युरेम्बर्गला क्रिकेट नव्हतं. एका रविवारी मी आणि दामले त्या मैदानावर गेलो, बेसबॉल बघितला आणि वाटलं, चेंडू तो चेंडूच.

पहिल्या दिवशी मी फजिती करून घेतली. बेसबॉलमध्ये फेकणाऱ्याला पिचर म्हणतात. तो मधल्या मातीच्या उंचवट्यावर उभा राहतो आणि चेंडू टप्पा न पाडता सरळ समोरच्याच्या छाती ते गुडघे एवढ्या उंचीतून नेतो. मी लांबून धावत आलो आणि झकास टप्पा पाडला. बॅटवाला उडी मारून बाजूला झाला. मैदानभर हशा.

तिथे एक काळा अमेरिकन सैनिक होता, सार्जंट हेन्री. आम्हाला फुकट शिकवायचा. तो हसला नाही. त्याने माझा हात कोपरापाशी धरला आणि म्हणाला, "हा वाकव."

कोपर वाकवायचं? क्रिकेटमध्ये कोपर वाकलं की पंच नो-बॉल देतो. माझ्या डोक्यातला पंच रोज ओरडायचा. हेन्री रोज म्हणायचा, "वाकव." तीन महिने गेले. एक दिवस कोपर वाकलं आणि चेंडू असा गेला की कॅचरने मोजा काढून हात झटकला. हेन्रीने टोपी काढून परत घातली, एवढंच.

हेन्री अमेरिकेत पैसे घेऊन खेळणारा खेळाडू होता. तीन वर्षं. तिथे खेळ म्हणजे नोकरीच असते, करार असतो, पगार असतो. मी विचारायचो, तो थोडंथोडं सांगायचा. संघ बसने गावोगाव जायचा. जेवायला हॉटेलपुढे थांबले की बाकीचे आत जायचे आणि हा बसमध्ये बसायचा. कुणीतरी त्याचं ताट खिडकीतून द्यायचा. मी विचारलं, "तू काही बोलायचा नाहीस?" तो म्हणाला, "मला वरच्या संघात जायचं होतं. बोललो तर जाणार नव्हतो. बोललो नाही. तरी गेलो नाही." मग सैन्यात भरतीची चिठ्ठी आली आणि खेळाडू म्हणून त्याचं आयुष्य तिथेच संपलं. वय तेव्हा पंचवीस.

दुसऱ्या मोसमात मी संघाचा पहिला पिचर झालो. दामले दुसरा. मला काही झालं तरच त्याला उंचवटा मिळायचा. माझ्या आयुष्यात मी कुठेही पहिला नव्हतो. शनिवारी सकाळी उठलो की आधी उजव्या हाताकडे बघायचो, हा माझाच ना म्हणून. इतका आनंद झाला होता मला. लाज कशाला वाटू द्यायची सांगायला?

आणि मग मीच माती खाल्ली. मराठीत म्हण आहेच, हात दाखवून अवलक्षण.

सरावात शेवटचा धड चेंडू उसवला. चामडं जिभेसारखं लोंबायला लागलं. युर्गेनने शिवी दिली, सामान आवरा म्हणाला. अमेरिकनांकडून नवे यायला दोन आठवडे होते आणि पुढच्या शनिवारी सामना. मी म्हटलं, "थांबा." गणवेशाच्या पेटीत सुया होत्या, मेणबत्ती होती, जाड लाल दोरा होता. आणि मी गवतावर बसलो. उकिडवा. चेंडू गुडघ्यांत, दोऱ्याचं टोक दातात, दोन्ही हात बाहेर पसरले आणि टाका ओढला.

हात आपोआप गेले. डोक्याला विचारलंच नाही त्यांनी. बेसबॉलला एकशेआठ दुहेरी टाके असतात. मी फाटलेले तेवढे घातले, उरलेले घट्ट केले. आबांना बघायला मिळालं असतं तर, एवढाच विचार होता. जर्मन पोरं गोल करून उभी होती. संपलं तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी मान वर केली तेव्हा दामले माझ्या हातांकडे बघत नव्हता. माझ्या बसण्याकडे बघत होता.

"अच्छा," तो म्हणाला. "खेळाच्या सामानाचा धंदा."

मी सुया परत पेटीत ठेवायला लागलो.

"एकशेआठ का रे टाके?" त्याने चेंडू उचलून न्याहाळला. बोटांच्या टोकांनी. "जपमाळेएवढे. कलियुग आहे बाबा."

पुढच्या रविवारी मी नेहमीप्रमाणे त्याच्या खोलीवर गेलो. आम्ही चार मराठी प्राक्टिकांट दर रविवारी तिथे जमायचो, वरणभात करायचो, गावच्या आठवणी काढायचो. त्या दिवशी डुकराचे सॉसेज तळलेले होते, बिअर होती. दामले सॉसेज खायचा, बिअर प्यायचा, जानवं आगबोटीवरच ट्रंकेत टाकलं म्हणून फुशारकीने सांगायचा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ मी त्या दिवशी बघितला. स्वतःला आणि बाकीच्या दोघांना त्याने घरमालकिणीचे काचेचे पेले घेतले. मला पत्र्याचा मग. सैन्याच्या जुन्या सामानातला, दाढीच्या पाण्याला वापरायचा तो.

बाकीचे दोघे ताटात बघत होते. मी त्या मगातून प्यालो.

जेवण झाल्यावर भांडी विसळायला दामले उठला. सगळ्यांची उचलली. माझं ताट, माझा मग तसाच ठेवला. म्हणाला, "तुझं तू घे रे धुऊन. वाईट वाटून घेऊ नकोस, सवय असते एकेकाला."

मी धुतलं. मी वाईट वाटून घेतलं नाही असं दाखवलं. ट्रामने खोलीवर आलो आणि जोडे न काढता पलंगावर बसून राहिलो. हजारो कोसांवर येऊनही माझ्या घराचा उंबरा माझ्या पुढे येऊन बसला होता.

त्यानंतरच्या सरावाला ती गोणपाटाची पिशवी आली.

मग ते सुरूच झालं. आधी चेंडू. मग ग्लोव्हजचे बंद. मग कुणाच्या बुटाचा तळ. "तुला तर येतंच," असं म्हणत पोरं आणून ठेवायची. मी सरावाला यायचो आणि बाकीचे फेकत असताना कडेला बसून शिवायचो. हात दुखायला लागले की मग फेकायला उठायचो. फेक मंदावली. दामले तोवर उंचवट्यावर सराव करत असायचा.

युर्गेन वाईट माणूस नव्हता. खोटं कशाला बोलू? त्याचा बाप झाटलर होता, खोगिरं आणि पट्टे शिवणारा. एकदा त्याने मला त्यांच्या दुकानात नेलं. भिंतीवर चौकटीत लावलेलं मायस्टरचं, म्हणजे उस्ताद कारागिराचं, प्रमाणपत्र. म्हाताऱ्याने माझा अंगठा हातात घेतला, घट्टा दाबून बघितला आणि आत ओरडला, "कॉफी आण, आपल्यातला माणूस आलाय." ज्या कपातून तो प्यायला त्याच संचातल्या कपातून मी प्यालो. दुकानाबाहेर येऊन मी भिंतीला धरून रडलो. युर्गेनला वाटलं, मला घरची आठवण आली. घरचीच आली होती. आबांना त्यांच्या तीस वर्षांत कुणी कॉफीचं विचारलं नव्हतं. पाणीही कुणी त्यांच्या हातचं घेतलं नव्हतं.

पण त्याच युर्गेनला "जन्मतः" हा शब्द खटकला नाही. त्या मैदानावर, जिथे जन्मावरून माणसांची काय काय विभागणी झाली होती, तिथे उभं राहून तो हसत म्हणाला, खजिना. बापाने शिकून मिळवलं ते प्रमाणपत्र. मी शिकलो ते मात्र जन्मतः. सोयीचं असलं की असं कुणालाही पटतं.

मी हेन्रीकडे गेलो. सगळं सांगितलं. जात म्हणजे काय ते मोडक्या इंग्रजीत समजावलं. त्याला फार समजवावं लागलं नाही. त्याने चेंडू हातात फिरवला. मग म्हणाला, "पहिल्या दिवशी मला बॅटींची पिशवी उचलायला सांगितली. नवीन आहेस म्हणाले. मी उचलली. तिसऱ्या वर्षी मी संघातला सगळ्यात जुना होतो. तरी पिशवीसाठी नवीनच होतो."

"मग मी काय करू?"

"ते मला माहीत असतं तर मी इथे असतो का?" तो म्हणाला.

महिन्याभरात त्याची बदली झाली. जाताना त्याने माझा हात कोपरापाशी धरला, दाबला आणि गेला. नंतर त्याचा पत्ता लागला नाही.

मोसमाचा शेवटचा सामना ठरला. जिंकलो तर आम्ही वरच्या गटात जाणार होतो आणि वरच्या गटात जो पहिला पिचर म्हणून जाईल त्याचं नाव प्रांताच्या संघासाठी जाणार, असं युर्गेनने सांगितलं होतं. मला ते हवं होतं. इतकं हवं होतं की शिवणकामाबद्दल अवाक्षर काढायचं नाही असं मी ठरवलं. हेन्रीने जे केलं तेच. कळून सवरून.

त्या आठवड्यात ताईचं पत्र आलं. ताई माझी मोठी बहीण. नवऱ्याने टाकलेली, आबांपाशीच राहायची, त्यांच्या हाताखाली शिवायची. आई आधीच गेली होती. पत्र मी इथे आहे तसं देतो, कारण मला ते पाठ आहे.

"आबा मंगळवारी गेलं. सकाळी चहा घेऊन कामाला बसलं, जिमखान्याचं पॅड हुतं, आरी हातात हुती, तसंच कलंडलं. तुला कळवून उपेग नव्हता, तू येनार कसा. तिसऱ्या दिवशी जिमखान्याचा मानूस आला. मला वाटलं भेटाय आला. भाईर हुबा राहून म्हनला, पॅड झालं का, मॅच हाय. मी म्हनलं, आबा गेलं. तो म्हनला, आरारा, मग पॅड? राहिलं हुतं तेवढं मी बसून पुरं केलं आनि दिलं. आबांचं नाव खराब नको व्हायला. तू काळजी करू नको, तिकडं थंडी असंल, अंगावर घेत जा."

मी ते कारखान्याच्या न्हाणीघरात वाचलं. तिथे दार लावता येत होतं. मी तोंडात रुमाल कोंबला. आबा गेले याचं रडू आलं, ते कुणालाही येईल. पण त्यापेक्षा त्या "मग पॅड?"चं आलं. आणि त्याहून जास्त ताईचं आलं. ती बापाचं सुतक असताना बापाचं अर्धं राहिलेलं काम घेऊन बसली, टाके घातले आणि उंबऱ्याबाहेर नेऊन दिलं. आणि हे तिने किती साधेपणाने लिहिलं होतं. तिला त्यात काही वावगं वाटलंच नव्हतं. मला तरी कुठे वाटत होतं? मी तेच तर करत होतो.

पत्र आल्यानंतर पाचव्या दिवशी सामना होता. मी कुणाला सांगितलं नाही. सुतकात आहे म्हटलं असतं तर दामले म्हणाला असता, तुमच्यातही पाळतात का?

त्या दिवशी मी जसा फेकलो तसा आधी कधी फेकलो नव्हतो. चार इनिंग झाल्या, बेसबॉलमध्ये अशा नऊ असतात. समोरच्यांना एक धाव नाही. हात माझा नव्हताच जणू. आबांच्या हातात आरी होती, माझ्या हातात चेंडू होता, एवढंच कळत होतं.

पाचव्या इनिंगला माझा चेंडू कॅचरने घेतला आणि मोजा फाटला. कॅचरचा मोजा गादीसारखा जाड असतो. त्याची शिवण अंगठ्यापासून तळापर्यंत उसवली, आतला कापूस बाहेर आला. मोजा एकच होता, हे मी आधी सांगितलंच आहे.

युर्गेनने खेळ थांबवायला सांगितलं. तो मोजा घेऊन उंचवट्यावर आला. माझ्या हातातला चेंडू काढून घेतला आणि मोजा माझ्या हातात दिला. त्याच्या मागे दामले आपला ग्लोव्ह घालत येत होता.

"तू हे शिव," युर्गेन म्हणाला. "अर्धा तास लागेल ना? तोवर दामले फेकेल. साध्या ग्लोव्हवर भागवू."

"मी फेकतोय," मी म्हटलं.

"फेकायला दुसरा आहे. शिवायला तूच आहेस."

दामले जवळ आला. हसत होता. मराठीत हळूच म्हणाला, "जा बाबा, बस आपल्या जागी."

मी मोजा बघितला. साधं काम होतं. अर्धा तासही नको, वीस मिनिटं. आबांनी डोळे मिटून केलं असतं. माझे गुडघे खरोखर वाकायला लागले. शपथेवर सांगतो. शरीर खाली बसायला निघालं होतं. आणि मला ताई दिसली, अंगणात बसलेली, सुतकातली, दातात दोरा धरलेली.

मी मोजा खाली टाकला. मातीत.

"नाईन," मी जर्मनमध्ये म्हटलं. नाही.

"काय?"

"नाही शिवणार. माझे वडील मेले. मेले तेव्हा त्यांच्या हातात दुसऱ्याचं पॅड होतं. मी नाही शिवणार. मी पिचर आहे. चेंडू दे."

युर्गेनला काही कळलं नाही. वडील मेले एवढं कळलं असावं. त्याचा चेहरा पडला. पण मैदानावर सगळे थांबलेले होते, पंच घड्याळ दाखवत होता. तो कप्तान होता आणि सगळ्यांसमोर त्याला कुणीतरी नाही म्हटलं होतं. तो म्हणाला, "मग बाहेर जा."

मी बाहेर गेलो. चेंडू दामल्याला मिळाला. मोजा कुणीच शिवला नाही. कॅचर साध्या ग्लोव्हवर खेळला, त्याचं बोट सुजलं. आम्ही हरलो. वरच्या गटात कुणीच गेलं नाही, प्रांताच्या संघासाठी कुणाचंच नाव गेलं नाही. मी बाकड्याच्या टोकाला बसलो होतो आणि शेजारी कुणी बसलं नव्हतं.

कपडे बदलायच्या खोलीत दामले माझ्याजवळ आला. खरंच वैतागला होता.

"एवढ्याशा गोष्टीचा केवढा बाऊ केलास. चार टाके घातले असतेस तर काय हात झिजला असता?"

"तू घालायचेस."

"मला येत नाही."

"शिक. मी शिकलो. आबांच्या छड्या खाल्ल्या तेव्हा आलं. जन्मतः काही येत नाही, दामले. तुला पेला वेगळा ठेवायलाही कुणीतरी शिकवलंच असेल."

तो लाल झाला. "तू आडनावामागे लपलास, आम्हाला फसवलंस," तो म्हणाला.

हे मात्र खरं होतं. तो गेल्यावर मी ते कबूल केलं, भिंतीपाशी, एकटाच. मी लपलो होतो. त्याने पाटील म्हटलं की ओ दिली होती. पत्र्याच्या मगातून मी प्यालो, कारण आपण चोरी करताना पकडले गेलो असंच मला वाटत होतं. बापाची लाज मला वाटत होती, आणि तो बाप माझ्यासाठी टाके घालता घालता मेला. याची भरपाई नाही. माणूस मेल्यावर ती कुणाकडे करणार?

त्याच आठवड्यात ताईला पत्र लिहिलं. "जिमखान्याचं काम बंद कर. मी इथून पाठवीन त्यात भागेल. आबांचं नाव खराब होणार नाही, ते पॅडमध्ये नव्हतं. आणि काम करायचंच असेल तर कर, तुझ्या हातासारखा हात नाही. पण जो येईल त्याला आधी आत बोलाव, बसव, पाणी दे. पाणी प्यायला तर काम घे. नाही प्यायला तर तसाच परत पाठव, मग तो कुणी का असेना."

ताईने उलट लिहिलं, "तुला तिकडं बसून लिवाय काय हुतंय." बरोबरच होतं तिचं. पण दोन महिन्यांनी तिचं आणखी एक ओळीचं कार्ड आलं. "आला हुता. न्हाई प्यायला. परत लावून दिला." मी ते कार्ड शंभरदा वाचलं. गावात, त्याच वस्तीत, त्याच उंबऱ्यावर उभं राहून नाही म्हणणं म्हणजे काय, हे मला माहीत आहे. मी परदेशात म्हटलं होतं. तिने तिथे म्हटलं. मोठी ती.

मी तो फेराइन सोडला. शिकाऊपण संपल्यावर ऱ्हाइनकाठच्या दुसऱ्या शहरात नोकरी धरली. तिथेही बेसबॉल होता. नवीन माणसाने सगळ्यांपुढे उभं राहून आपली ओळख द्यायची, अशी तिथे पद्धत होती. कोण, कुठला, काय काम करतो. पंधरा-सोळा जण बाकांवर बसले होते. मी उभा राहिलो.

मी म्हटलं, "मी भारतातून आलो. आमच्याकडे जात असते आणि माझी जात खालची मानतात. माझे वडील चांभार होते, चेंडू शिवायचे, आणि त्यांना मैदानात येऊ देत नसत. मलाही शिवता येतं. पण मी इथे फेकायला आलोय. हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मी सांगतोय."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एकजण खोकला. दुसऱ्याने शेजाऱ्याकडे बघितलं. प्रशिक्षक म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर. बरं, किती जोरात फेकतोस?"

सहा मोसम फेकलो. मग खांदा गेला. तोवर जर्मन पोरं फुटबॉलकडे वळली होती, मैदानावर गवत वाढलं. प्रांताच्या संघात माझं नाव कधी आलं नाही. हेन्रीसारखंच माझंही. कुठल्या वहीत माझ्या नावापुढे काही लिहिलेलं सापडणार नाही. दामले परत गेला, मोठ्या हुद्द्यावर चढला, त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका मला आली होती. मी गेलो नाही. तिथे मला पेला कुठला मिळाला असता हे बघायची मला उत्सुकता नव्हती.

मला कुणी विचारतं, आता हे उकरून काय मिळवायचं? झालं गेलं गंगेला मिळालं. नाही मिळालं. आबा तसेच गेले, न बसलेले, न बोलावलेले. ते काही केल्या फिरणार नाही, आणि ते फिरल्यासारखं मी वागणारही नाही. माझी मुलं इथे जन्मली, जर्मनमध्ये उत्तरं देतात. त्यांना आजोबांची जात मी सांगितली आहे, काम सांगितलं आहे, ते कसे मेले ते सांगितलं आहे. आडनावामागे लपायचं नाही, हेही सांगितलं आहे.

नाही म्हणायला मला अठ्ठावीस वर्षं लागली. ते मी आता परत घेणार नाही.